जिन्यातला लाल पाइप

१/ २३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर आग लागली. अग्निशमन दलाचे ३०० हून अधिक जवान धावून आले. इमारतीच्या जिन्यात आग विझवण्यासाठी पाण्याचा पाइप होता, त्यात पाणीही होते. तरीसुद्धा ही आग १९ तासांहून अधिक काळ जळत राहिली, आठ मजले भस्मसात झाले आणि तीन जवानांनी प्राण गमावले.

२/ पाइप होता, पाणी होते, माणसे होती. मग चुकले कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडतो. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते: पाइप बसवण्याचा नियम लवकर होतो, पण गरजेच्या क्षणी त्यातून पाणी येईल याची हमी देणारा नियम फार उशिरा येतो. आणि जुन्या इमारतींना तो लागू होण्यास तर आणखी उशीर लागतो. आजचा धागा याच विषयावर.

३/ प्रथम त्या पाइपची ओळख करून घेऊ. अमेरिकेत त्याला ‘स्टँडपाइप’ म्हणतात, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ‘रायझर’. तळापासून वरच्या मजल्यापर्यंत जिन्यालगत उभा जाणारा जाड लोखंडी पाइप आणि प्रत्येक मजल्यावर त्याला एक व्हॉल्व्ह. जवान आपली होज खांद्यावर घेऊन जिना चढतात, आगीच्या खालच्या मजल्यावरील व्हॉल्व्हला ती जोडतात आणि तिथून वर चाल करतात. उभा पाइप म्हणजे इमारतीच्या पोटात आधीच घालून ठेवलेली होज, असे समजा.

४/ त्याचे दोन प्रकार आहेत. ओल्या रायझरमध्ये पाणी कायम भरलेले असते आणि टाकी व पंप त्याला दाब पुरवतात. कोरडा रायझर एरवी रिकामा असतो. आग लागल्यावर खाली रस्त्यावर उभा राहिलेला बंब त्यात पाणी चढवतो. इमारत फार उंच नसेल तर कोरडा रायझर पुरतो. उंची वाढली की रस्त्यावरच्या बंबाची ताकद कमी पडू लागते आणि ओल्या रायझरला पर्याय उरत नाही.

५/ यामागचे भौतिकशास्त्र शाळेत शिकलेलेच आहे. पाणी दहा मीटर वर चढवायचे तर दर चौरस इंचाला सुमारे १४ पाउंड दाब खर्ची पडतो. शंभर मीटर उंचीवर पाणी नुसते पोहोचवण्यासाठी १४० पाउंड गेले. त्यानंतर नोझलमधून जोरदार फवारा निघावा म्हणून लागणारा दाब वेगळा, आणि होजच्या आतील घर्षणाने खाल्लेला दाब आणखी वेगळा.

६/ ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम तीव्रतेने जाणवली. प्रवासी लिफ्ट आणि पोलादी सांगाडा यांमुळे शिकागो आणि न्यू यॉर्क येथील इमारती आठ, दहा, पंधरा मजले गाठू लागल्या. अग्निशमन दलाच्या शिड्या मात्र सहाव्या-सातव्या मजल्याशीच थांबत. त्याहून वरची आग इमारतीच्या आत शिरूनच विझवावी लागणार, आणि त्यासाठी पाणी इमारतीतच हवे, हे उघड झाले.

७/ पण उघड झालेली गोष्ट अमलात येतेच असे नाही. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोतील इरोक्वा थिएटरला आग लागली. थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ‘संपूर्णपणे अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरात करण्यात आली होती. नाताळच्या सुट्टीतील दुपारचा खेळ असल्याने प्रेक्षकांत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा होता. किमान ६०२ जण मरण पावले. एकाच इमारतीच्या आगीत इतके बळी जाण्याचा प्रसंग अमेरिकेत फारच विरळा.

८/ उद्घाटनापूर्वीच शिकागो अग्निशमन दलाचे कॅप्टन पॅट्रिक जेनिंग्ज यांनी ही इमारत पाहिली होती. स्प्रिंकलर नाहीत, धोक्याची घंटा नाही, टेलिफोन नाही आणि पाण्याची जोडणी नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. तरी पडदा उघडला. आग लागली तेव्हा रंगमंचावरील कर्मचाऱ्याच्या हाती होती फक्त आग विझवण्याच्या पावडरीची नळी. ती पेटलेल्या पडद्यापर्यंत पोहोचलीच नाही.

९/ त्यानंतर सव्वासात वर्षांनी, २५ मार्च १९११ रोजी, न्यू यॉर्कमधील दहा मजली ॲश बिल्डिंगमध्ये वरच्या तीन मजल्यांवरील ‘ट्रँगल शर्टवेस्ट’ या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. इथे उभा पाइप होता, गच्चीवर टाकी होती आणि जिन्यात होजही गुंडाळून ठेवलेली होती. आठव्या मजल्यावरील व्यवस्थापकाने ती होज हाती घेतली. पाणी आले नाही. पुढे न्यायालयातील साक्षीतही त्याने हेच सांगितले.

१०/ दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याशीच थांबल्या. नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते आणि बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. १४६ कामगार मरण पावले. त्यांतील बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित कुटुंबांतील तरुण मुली होत्या. आग अर्ध्या तासाच्या आत आटोक्यात आली, म्हणजे पाणी शहरात होते, रस्त्यावर होते. पहिल्या दोन-चार मिनिटांत आठव्या मजल्यावर मात्र ते नव्हते.

११/ या दुर्घटनेने कायद्याचा चेहरा बदलला. त्याच वर्षी न्यू यॉर्क शहराच्या अग्निशमन दलात आग प्रतिबंधासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष अल स्मिथ. पुढच्या दोन-तीन वर्षांत कामगार सुरक्षेचे तीसहून अधिक कायदे झाले. सातव्या मजल्याच्या वर दोनशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत स्वयंचलित स्प्रिंकलर बंधनकारक झाले.

१२/ याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने उभ्या पाइपसाठी प्रमाणित नियम तयार करण्यास हात घातला. पहिला अहवाल १९१२ मधला. पाइप किती जाड असावा, व्हॉल्व्ह कुठे असावा, प्रत्येक मजल्यावर दाब किती मिळावा, हे तेव्हापासून क्रमाने लिहिले जाऊ लागले. हेच प्रमाणपत्रक पुढे ‘१४ क्रमांकाचे मानक’ म्हणून ओळखले गेले. आजही ते प्रचलित आहे.

१३/ आता १९९१ च्या फिलाडेल्फियाकडे परत येऊ. मेरिडियन प्लाझा १९७२ मध्ये पूर्ण झालेली. मघाचा हिशेब आठवा. ३८ व्या मजल्यावर पाणी पोहोचावे एवढा दाब तळाशी दिला, तर खालच्या मजल्यांवरील व्हॉल्व्हमधून इतक्या जोराने पाणी सुटेल की होज हातात धरता येणार नाही. म्हणून अशा मजल्यांवर दाब कमी करणारे खास व्हॉल्व्ह बसवतात. प्रत्येक मजल्याच्या उंचीनुसार ते वेगवेगळे बसवून घ्यावे लागतात.

१४/ मेरिडियनमध्ये हे व्हॉल्व्ह चुकीचे बसवलेले होते. आगीच्या मजल्यावर ६० पाउंडांहूनही कमी दाब मिळत होता. त्या काळचे मानक मागत होते किमान ६५. आणि दलाच्या हातातील आधुनिक नोझलना लागत होते सुमारे १००. जुन्या सरळ नळीच्या नोझलला ५० पाउंडही पुरत. फवारा फाकवणाऱ्या नव्या नोझलना ते पुरेना. दलाने साधने बदलली होती, मानकातील आकडा मात्र जुनाच राहिला होता.

१५/ व्हॉल्व्ह जागेवर सुधारता आले असते का? त्यासाठी विशिष्ट हत्यार आणि ते वापरणारा जाणकार हवा होता. असा तंत्रज्ञ आला तेव्हा कित्येक तास उलटून गेले होते. तोवर वीज गेली होती. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही विद्युतवाहिन्या एकाच पोकळीतून नेलेल्या असल्याने दोन्ही एकदम निकामी झाल्या. आपत्कालीन जनित्रही चालले नाही. जवानांनी पाच इंची जाड होज काळोख्या जिन्यातून हातांनी ओढत वीस-बावीस मजले चढवली.

१६/ दरम्यान धूर बाहेर काढण्यासाठी वर गेलेले तीन जवान वाट चुकले. कॅप्टन डेव्हिड होलकोम्ब, फिलिस मॅकॲलिस्टर आणि जेम्स चॅपेल ही त्यांची नावे. रेडिओवर त्यांनी खिडकी फोडण्याची परवानगी मागितली. आपण ३० व्या मजल्यावर आहोत अशी त्यांची समजूत होती, म्हणून शोध तिकडेच सुरू झाला. ते सापडले २८ व्या मजल्यावर, पण तेव्हा उशीर झाला होता.

१७/ सकाळी इमारत कोसळण्याची भीती निर्माण झाली आणि आतील सर्व जवानांना बाहेर बोलावण्यात आले. आग मोकळी सुटली. ती थांबली ३० व्या मजल्यावर. तो मजला भाड्याने घेतलेल्या कंपनीने तिथे स्प्रिंकलर बसवून घेतले होते. त्यांची अवघी दहा तोंडे उघडली. खालून बंबांनी पुरवलेल्या पाण्यावर ती चालली आणि शेकडो माणसांना न जमलेले काम त्यांनी केले.

१८/ या आगीचे परिणाम दूरगामी झाले. १९९३ च्या आवृत्तीत मानकाने अडीच इंची व्हॉल्व्हवरील किमान दाब ६५ वरून १०० पाउंडांवर नेला. त्याआधी १९९२ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या अग्निशमन यंत्रणांची तपासणी आणि देखभाल यासाठी स्वतंत्र मानक आले. दाब कमी करणारे व्हॉल्व्ह दर पाच वर्षांनी प्रत्यक्ष पाणी सोडून तपासावेत, असा दंडक त्यात आहे. नुसते पाहून ‘ठीक’ असा शेरा मारणे पुरेसे राहिले नाही.

१९/ आणि जुन्या इमारतींचे काय? बांधकाम नियमांत एक रूढ तत्त्व असते: इमारत ज्या काळात उभी राहिली, त्या काळचा नियम तिला लागू. नियम रोज बदलले आणि मालकाला दर वेळी भिंती फोडाव्या लागल्या, तर कोणीच बांधकाम करू धजणार नाही, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. वसलेल्या इमारतीत पाइप घालण्याचा खर्च नव्या बांधकामाच्या मानाने बराच अधिक येतो, हेही खरे.

२०/ मात्र या तत्त्वाची किंमत लॉस एंजेलिसने मोजली होती. तिथली ‘फर्स्ट इंटरस्टेट बँक’ची ६२ मजली इमारत १९७३ मध्ये पूर्ण झाली. उंच इमारतींना स्प्रिंकलर सक्तीचे करणारा नियम आला १९७४ मध्ये. एका वर्षाच्या फरकाने ही इमारत सुटली. ४ मे १९८८ रोजी ती पेटली, तेव्हा स्वेच्छेने बसवले जात असलेले स्प्रिंकलर जवळजवळ पूर्ण झाले होते, पण सुरू झाले नव्हते. चार मजले जळाले, एक कर्मचारी मरण पावला.

२१/ त्यानंतर लॉस एंजेलिसने जुन्या उंच व्यापारी इमारतींनाही स्प्रिंकलर सक्तीचे केले. मेरिडियननंतर फिलाडेल्फियाने तोच मार्ग धरून १९९७ ची मुदत घातली. न्यू यॉर्कने २००४ मध्ये शंभर फुटांहून उंच अशा जुन्या कार्यालयीन इमारतींना पंधरा वर्षांची मुदत दिली. नवा नियम जुन्या भिंतींच्या आत नेण्यासाठी प्रत्येक शहराला आधी एक मोठी दुर्घटना पाहावी लागली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

२२/ न्यू यॉर्कमध्येच आणखी एक गोष्ट घडली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जवळच्या ‘डॉइचे बँक’ इमारतीचे मोठे नुकसान झाले. पुढे तिचे मजले वरून एकेक करून उतरवण्याचे काम सुरू झाले. १८ ऑगस्ट २००७ रोजी १७ व्या मजल्यावर आग लागली. जवान वर गेले, होज जोडली, व्हॉल्व्ह उघडला. पाणी आले नाही.

२३/ तळघरात उभ्या पाइपचा सुमारे ४२ फुटांचा तुकडा कित्येक महिन्यांपूर्वी कापून काढण्यात आला होता. खालून बंब पाणी भरत होते आणि ते तळघरात सांडत होते. वर पाणी पोहोचवण्यास तासाहून अधिक काळ गेला. रॉबर्ट बेडिया आणि जोसेफ ग्राफान्यिनो हे दोन जवान धुराने गुदमरून मृत्युमुखी पडले. अशा इमारतीची दर पंधरा दिवसांनी तपासणी व्हावी असा नियम होता. ती तपासणी झालेली नव्हती.

२४/ २००९ मध्ये शहराने याबाबत कायद्यांची मालिकाच केली. अग्निशमनाचे उघडे पाइप लाल रंगवावेत. व्हॉल्व्हची मूठ उभ्या पाइपची असेल तर लाल, स्प्रिंकलरची असेल तर हिरवी आणि दोघांची सामायिक असेल तर पिवळी असावी. पाइप कापायला आलेल्या कामगाराला आपण काय कापतो आहोत हे कळावे, एवढा साधा हेतू. ही रंगयोजना नव्याबरोबर जुन्या इमारतींनाही लागू झाली.

२५/ दुसरी तरतूद अधिक कल्पक आहे. बांधकाम चालू असलेल्या किंवा पाडकाम होत असलेल्या इमारतीतील कोरड्या पाइपमध्ये दाबाखाली हवा भरून ठेवायची. कुठे पाइप कापला गेला किंवा व्हॉल्व्ह उघडा राहिला की हवा निसटते आणि भोंगा वाजतो. रिकामा पाइप अभंग आहे की नाही हे आग लागल्यावर कळण्याऐवजी त्याच दिवशी कळते.

२६/ लंडनचे उदाहरण थोडे वेगळे. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ जण मरण पावले. आग भडकण्याचे मुख्य कारण बाह्य भिंतींवरील ज्वलनशील आवरण होते. पण चौकशीत तज्ज्ञांनी हेही नोंदवले की सुमारे ६७ मीटर उंचीच्या त्या इमारतीत ओला रायझर अपेक्षित होता आणि प्रत्यक्षात कोरडा होता. चार दशकांत ही उणीव भरून निघाली नाही.

२७/ आता आपल्या जिन्याकडे पाहू. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ती संस्थेवर येते. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत प्रमाणपत्र सादर करावे लागते.

२८/ इरोक्वा, ट्रँगल, मेरिडियन आणि डॉइचे बँक यांच्या इतिहासाकडे पाहिले, तर वर्षातून दोनदा प्रमाणपत्र मागण्यामागचे कारण समजते. पहिल्या इमारतीत पाण्याची जोडणी नव्हती, दुसरीत पाणी आले नाही, तिसरीत दाब नव्हता आणि चौथीत पाइपच कापलेला होता. शेवटच्या तिन्ही ठिकाणी जिन्यातून जाणाऱ्या माणसाला पाइप जागेवर दिसत होता. दोष दिसायचा तर कोणी तरी व्हॉल्व्ह उघडून पाहायला हवा होता.

२९/ मित्रहो, इतिहासाची आवड असणाऱ्यांना जुने किल्ले आणि शिलालेख पाहण्याची सवय असते. आज आपल्या इमारतीचा जिना उतरताना तो लाल पाइपही पाहा. होजच्या पेटीत होज आणि नोझल आहे का? व्हॉल्व्हची मूठ फिरते का? पंपाची वीज चालू आहे का? शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे? संस्थेच्या पुढील सभेत हे चार प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

३०/ रात्री-अपरात्री आपल्या इमारतीत आग लागली, तर कोणी अनोळखी जवान श्वासोच्छ्वासाचे जड नळकांडे पाठीवर घेऊन, धुरात चाचपडत तो व्हॉल्व्ह शोधील. त्यातून पाणी येईल असे गृहीत धरूनच तो वर चढलेला असेल. होलकोम्ब, मॅकॲलिस्टर, चॅपेल, बेडिया आणि ग्राफान्यिनो हेही तसेच वर गेले होते.

धागा समाप्त. आपल्या शहरातील जुन्या इमारतींविषयी अशी माहिती असेल तर खाली जरूर लिहा.